तात्यांची होडी पुन्हा पाण्यात: दुरुस्तीच्या नोंदी

8 ऑक्टोबर

गोठ्यामागं पालथी पडलेली होडी आज सरळ केली. सहा माणसं, दोन पहारी आणि सव्वा तास. खालून निघालं ते असं: दोन विंचू, एक कोंबडीचं खुराडं, आणि भावानं बारा वर्षांपूर्वी हरवली म्हणून सांगितलेली पाण्याची मोटार.

मापं: लांबी 16 फूट, मध्यावर रुंदी साडेचार फूट, खोली पावणेदोन फूट. बूड सपाट. फळ्या सागवानी, आतले वाक (फळ्यांना आतून धरून ठेवणारी वाकडी लाकडं) बाभळीचे.

काम कशासाठी करतोय तेही लिहून ठेवतो, म्हणजे मधेच कंटाळा आला तर वाचता येईल. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आम्हा पोरांना संध्याकाळी या होडीतून हरिपूरला संगमावर न्यायचे. कृष्णा-वारणेचं पाणी जिथं मिळतं तिथं होडी नुसती सोडून द्यायची, भडंगाचा पुडा फोडायचा आणि अंधार पडायच्या आत परत. एवढंच. यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. आज माझ्या पुतण्याला विचारलं, होडीत कधी बसलायस का, तर म्हणाला, ‘‘हो, महाबळेश्वरला.’’ सांगलीचं पोर!

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. तेव्हा ही होडी इथंच होती आणि आम्ही सगळे गच्चीवर बसून रबरी बोटीची वाट बघत होतो. तिच्याकडं होडी म्हणून बघायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पाणी उतरल्यावर ती लिंबाच्या बुंध्याला अडकलेली सापडली. आम्ही पुन्हा पालथी घातली आणि वर कडबा रचला.

10 ऑक्टोबर

टोच्यानं सगळ्या फळ्या टोचून पाहिल्या. जिथं टोचा पाव इंचापेक्षा जास्त आत गेला तिथं खडूनं फुली. बुडाच्या सातपैकी दोन फळ्या गेल्यात, मागच्या बाजूची एक अर्धी गेलीय, तीन वाक कुजलेत. बाकीचं लाकूड मात्र ठणठणीत. पन्नास वर्षांचं सागवान टोच्याला दाद देत नाही.

डावीकडच्या कडेवर तीन ठिकाणी गुळगुळीत खाचा आहेत, बोट मावेल एवढ्या. दोरीनं झिजल्यासारख्या. आत बुडावर ओळीनं गोल ठसे. फोटो काढून ठेवलेत. कसले ते कळलं नाही.

14 ऑक्टोबर

जुनं डांबर काढायला घेतलं. तीन दिवस वाया गेले ते माझ्या हुशारीमुळं. हीट गन भाड्यानं आणली (दिवसाला 250). गरम केलं की डांबर मऊ होतं, पण निघत नाही. पसरतं, खरवडणीला चिकटतं, फळीच्या रेषांत शिरतं. दोन ठिकाणी फळी काळी पडेपर्यंत भाजली.

हरिपूरचे आप्पा, वय ऐंशीच्या पुढं, घराणं नावाड्यांचं, बघायला आले. खाली वाकून एकदा वास घेतला आणि म्हणाले, ‘‘आरं, डांबर थंडीत काढायचं आस्तंय. पहाटं ये. कडक झाल्यालं आस्तंय, नुस्तं ठोकलं की कपच्या पडत्यात.’’

16 ऑक्टोबर

पहाटे पाचला गेलो. सपाट छिन्नी आणि लाकडी हातोडी. साडेसातपर्यंत निम्मी होडी साफ. ऊन वर आलं की थांबायचं. हीट गनचे 750 रुपये गेले ते गेलेच.

22 ऑक्टोबर

लाकूड. वखारीत नवीन सागवान साडेपाच हजार रुपये घनफुटाच्या खाली कुणी बोलेना. जुन्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्याकडं 4,200 नं मिळालं. अडीच घनफूट घेतलं, 10,500. जुनं घेतल्याचा फायदा असा की ते पूर्ण वाळलेलं असतं, पुढं पीळ मारत नाही. तोटा असा की आत खिळे असतात. सुतारमामांच्या रंध्याचं पातं पहिल्याच दिवशी फुटलं. लोहचुंबक फिरवून मग रंधा मारायचा, हे त्यांनी मला नंतर सांगितलं आणि पात्याचे पैसे माझ्याकडूनच घेतले.

वाकासाठी बाभूळ लागते, आणि ती सरळ नको, मुळातच वाकडी वाढलेली फांदी हवी. सरळ लाकूड कापून वाक केला तर रेषा तुटते आणि जोर आला की तिथंच मोडतो. बांधावरून तीन फांद्या 900 रुपयांत मिळाल्या. आप्पांनी सायकलवरून तीन गावं फिरवून त्या निवडल्या. मी शोधल्या असत्या तर तिन्ही चुकीच्या आणल्या असत्या.

29 ऑक्टोबर

नव्या फळ्या बसल्या. तांब्याचे खिळे सांगलीत मिळाले नाहीत, कोल्हापुरातून मागवले. काही ठिकाणी पितळी स्क्रू. दोन्ही मिळून 2,750. घरातले साधे लोखंडी स्क्रू वापरायचा मोह होईल, वापरू नका. जुन्या दुरुस्तीत कुणीतरी तसे मारले होते. त्यांची नुसती तपकिरी भोकं उरलीत.

सुतारमामा पहिल्यांदाच होडीचं काम करताहेत. दारं-खिडक्या करणाऱ्या माणसाला सगळं काटकोनात हवं असतं. होडीत एकही काटकोन नाही. दुसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, ‘‘हिला गुण्या लावायचा कुठं?’’ आप्पा म्हणाले, ‘‘लावू नगं. डोळ्यानं बघ.’’

5 नोव्हेंबर

या नोंदीसाठी मी सगळ्यांत जास्त शिव्या खाणार आहे.

फळ्यांमधल्या फटी कशानं भरायच्या यावर वाद झाला. आप्पांचं मत: सुती दोरा नि काथ्या ठोकून बसवायचा, वरून राळ (झाडाचा वाळलेला चीक) आणि तेल. माझं मत: आता चांगली रसायनं आलीत, एपॉक्सी भरू, एकदाच काय ते. सुतारमामा माझ्या बाजूनं, कारण दारांना ते तेच वापरतात. 3,400 चं एपॉक्सी आणलं. फटी नीट भरल्या, पॉलिशपेपर मारला. होडी इतकी सुंदर दिसायला लागली की बायको म्हणाली, हॉलमध्ये ठेवू या.

आप्पा काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले.

12 नोव्हेंबर

दिवाळी. काम बंद. सगळे जमले होते तेव्हा तात्यांच्या होडीचा विषय निघाला, आणि प्रत्येकाच्या आठवणीतली होडी वेगळी निघाली. आत्याच्या आठवणीत ती निळी होती. धाकट्या काकांच्या मते तिला छत होतं. कोरून पाहिलं तर डांबराखाली रंगाचा कणही नाही, आणि छताचे खुंटे बसतील अशी भोकंही नाहीत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी आठवत होती: पाण्यात पाय सोडून बसायचं. आता सांगलीत कुणी आपल्या पोराला कृष्णेत पाय सोडून बसू देणार नाही. वर भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या पट्ट्यात मगरींनी माणसं धरल्यात, आणि थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पाणी तरी कुठं पाय घालण्यासारखं राहिलंय! सांडपाण्याचा शेरीनाला नदीत मिसळतो हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

19 नोव्हेंबर

होडी टेम्पोनं काठावर नेली (1,400 रुपये). आमचं शेत बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, तिथून पाण्यापर्यंत बैलगाडीची वाट आहे. हरिपूर रस्त्याच्या चिंचेच्या एका खालच्या फांदीला होडीची नाळ (पुढचं टोक) लागली. फांदी मोडली, नाळेला काही झालं नाही.

होडी पाण्यात बुडवून ठेवायची असते. आत पाणी भरून, दगड ठेवून, तीन-चार दिवस. वाळलेल्या फळ्या पाणी पितात, फुगतात आणि आपोआप एकमेकींना घट्ट बसतात.

22 नोव्हेंबर

सकाळी काठावरून फोन आला, ‘‘होडी बोलायला लागलीय.’’ जाऊन पाहिलं तर खरंच कटकट आवाज येत होता. फळ्या फुगल्या, पण फटीत दगडासारखं एपॉक्सी. त्यांना सरकायला जागाच नाही. मग त्या वाकांवर जोर टाकायला लागल्या. एक नवा वाक मधोमध चिरला, मागच्या फळीचे चार खिळे उपटून वर आले.

आप्पांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, ‘‘लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेवायची, बाळ.’’ पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ‘बाळ’ म्हटलं की राग यायला हवा. नाही आला.

24 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर

सगळं एपॉक्सी खोदून काढलं. त्यात दोन दिवस सुतारमामांची मजुरी (2,200) आणि आठ दिवस माझं मनगट. चिरलेल्या वाकाला बाजूनं दुसरं लाकूड जोडलं.

आता आप्पांची पद्धत, करणाऱ्यांसाठी सविस्तर: सुती दोरा फटीत सैलसर ठोकायचा. छिन्नी बोथट हवी, धारदार असेल तर दोरा कापते. तळापर्यंत गेला पाहिजे, पण मारून मारून कोंबायचा नाही. नंतरचं फुगणं फळ्या करतात. मोठ्या फटींत काथ्या. राळेची पूड तेलात मंद आचेवर विरघळवायची, उघड्यावर, कारण पेट घेते. आमची पहिली कढई पेटली. भुवया वाचल्या, थोड्या. राळ गरम असतानाच दोऱ्यावर ओतायची. बारीक फटींना चुना नि तेल मळून लावायचं. हे सगळं सामान 1,180 रुपयांत आलं. वाया गेलेल्या एपॉक्सीच्या एक तृतीयांश.

राळ ओतताना आप्पांना ते गोल ठसे दाखवले. त्यांनी हात फिरवला आणि हसले.

‘‘दुधाच्या किटल्या.’’

आणि कडेवरच्या खाचा? ‘‘सायकली बांधायचो. पलीकडनं पोरं साळंला यायची, सायकल घीऊन.’’

म्हणजे ही होडी हौसेची नव्हतीच. हरिपूर आणि पलीकडच्या कोथळीच्या मधे ही तरीची नाव होती (तर म्हणजे माणसांना नदीपार नेणारी नावेची सोय). सकाळी दूध, मग शाळेची पोरं, दुपारी बाजारकरणी, संध्याकाळी परत तेच. तात्यांचा तिच्यात निम्मा हिस्सा होता. शेवटची खेप झाली की अंधार पडेपर्यंत जो तासभर उरायचा, त्यात आम्हाला फिरवायचे. वल्हवायला आप्पांचे वडील असायचे. माझ्या आठवणीत तात्या वल्हवत होते. तात्यांना वल्हवता येत नव्हतं, असं आज कळलं.

मी घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग? तुला काय वाटलं, तुझे तात्या संस्थानिक होते?’’

7 डिसेंबर

आज काम नाही, पण ही गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो. आयर्विन पूल 1929 चा. सांगलीसमोरच्या सांगलीवाडीची तर तेव्हाच बंद झाली. खालच्या गावांच्या तरी त्यानंतरही कितीतरी वर्षं चालल्या, कारण त्यांना पूल नव्हता. आता हरिपूर-कोथळीलाही पूल झालाय. पुलाला कोण नको म्हणेल? बाळंतिणीला पुरात नावेतून नेलेलं ज्यांनी पाहिलंय ते तर मुळीच नको म्हणणार नाहीत. पण तर गेली तशी नाव गेली, नावाडी गेला आणि तो संध्याकाळचा तासही गेला. आम्ही मात्र इतकी वर्षं म्हणत होतो की लोकांना हल्ली हौस उरली नाही.

आता नदीवर होड्या दिसतात त्या तीन तऱ्हांच्या. शर्यतीच्या: लांब, निमुळत्या, गावोगावच्या पोरांच्या. काठावर जत्रेसारखी गर्दी असते आणि ओरडून घसा बसतो. मला त्या आवडतात, पण त्यात बसून भडंग खाता येत नाही. दुसऱ्या पुराच्या: रबरी नाहीतर फायबरच्या, इंजिनवाल्या. तिसऱ्या मासेमारीच्या, त्याही मोजक्या. 2019 ला पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, त्यानंतर या भागात ‘नाव’ म्हटलं की आधी तेच आठवतं. माझ्या आईलासुद्धा.

10 डिसेंबर

म्हणून जॅकेटं. पाच घेतली, 950 ची एक. दुकानदारानं स्वस्तातली दाखवली, ती खेळण्यातली. आतला फोम बोटानं दाबला तर दबलेलाच राहिला. नीट बघून घ्या, पट्टा दोन पायांमधून जाणारा हवा.

आप्पांना जॅकेट घालायला सांगितलं तर म्हणाले, ‘‘म्या काईलीत बसून पुरातनं पार झालोय.’’ (काईल म्हणजे गुऱ्हाळातली गूळ कढवायची मोठी कढई. आमच्याकडं अडीअडचणीला तीही नाव होते.) आप्पा, काईल वेगळी, म्हटलं. नियम केला: जॅकेट नसेल तर होडी सुटणार नाही. पाच माणसांच्या वर नाही. पैसे घेऊन कुणाला बसवायचं नाही.

17 डिसेंबर

वल्ही. पहिली जोडी मी इंटरनेटवरचं चित्र बघून करून घेतली, 6 फुटी, 1,800 रुपये. साडेचार फूट रुंद होडीला 6 फुटी वल्हं म्हणजे हात खाली आणि पातं हवेत. दुसरी जोडी 9 फुटी, बांबूचा दांडा, फळीचं पातं, 2,400. साधा हिशेब: होडीच्या रुंदीच्या दुप्पट. वल्हं अडकवायला लोखंडी कडं घेऊ नका. लाकडी खुंटा आणि दोरीचा फास पुरतो, आवाज करत नाही आणि तुटला तर दोन मिनिटांत नवा होतो.

21 डिसेंबर

होडी तयार. बाहेरून डांबर, आतून तेल. पण नदीत पाणी नाही.

वरून कोयनेचं पाणी सुटलं नाही आणि उपशाच्या मोटारी चालू राहिल्या की इकडं पात्र उघडं पडतं. गेल्या महिन्यात जिथं होडी बुडवली होती तिथं आज गाळ आणि केंदाळ (जलपर्णी). लहानपणी ‘नदीला पाणी आहे का’ असा प्रश्न होडी काढताना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आता पाटबंधाऱ्याच्या बातम्या वाचून होडी काढायची. वाळू नये म्हणून रोज संध्याकाळी आत चार बादल्या पाणी ओततोय. शेजारी विचारतो, ‘‘झाड लावलंय का?’’

13 जानेवारी

पाणी आलं. होडी पुन्हा बुडवली, चार दिवस. या वेळी एकही आवाज नाही.

18 जानेवारी

पहिला प्रयत्न. मी वल्ह्यांवर. पंधरा मिनिटं होडी जागच्या जागी गोल फिरली. मग केंदाळात घुसली. ते वल्ह्याला गुंडाळतं, सोडवायला गेलं की होडी कलते. काठावरून दोन पोरांनी व्हिडिओ काढला. तो आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्याआधी पोचला.

आप्पांनी वल्ही आत घ्यायला लावली आणि 16 फुटी बांबू हातात दिला. उथळ पाण्यात बांबूच. तळाला टेकवायचा, अंगाचं वजन द्यायचं, आणि वर घेताना थोडा पिळायचा, नाहीतर गाळ सोडत नाही आणि होडी पुढं, आपण बांबूवर लटकलेले. हे मला करून बघायची गरज नव्हती, पण केलं.

26 जानेवारी

सुट्टी. आई, पुतण्या, आप्पा, भाऊ आणि मी. पाच. दुपारी चारला निघालो, संगमाला पाच वाजून दहा मिनिटांनी. रस्त्यानं दहा मिनिटं लागतात.

पहिला अर्धा तास पुतण्या मोबाइलवर. मग रेंज गेली म्हणून नाही, बॅटरी संपली म्हणून वर बघायला लागला. एका ठिकाणी वास आला, नाक दाबून गेलो. एका ठिकाणी प्लास्टिकच्या पिशव्या झुडपांवर ओळीनं लटकलेल्या, गेल्या पुराची खूण. पण त्यानंतरच्या वळणावर खंड्या होता, पाणी स्थिर होतं, आणि बांबूचा आवाज सोडला तर काहीच नव्हतं. आई म्हणाली, ‘‘इथं यांनी एकदा गाणं म्हटलं होतं.’’ कोणतं, ते तिला आठवेना.

संगमेश्वराचं शिखर दिसलं तेव्हा होडी सोडून दिली. भडंग फोडला. कांदा आणायचा राहिला, त्यावरून भांडण.

मग पलीकडच्या काठावरून हाक आली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. तिला अलीकडं यायचं होतं. ‘‘नाववालं, येता का वं?’’ आम्ही एकमेकांकडं बघितलं. पाच माणसांचा नियम माझाच. भाऊ आणि पुतण्या हरिपूरच्या काठाला उतरले, आप्पांनी होडी पलीकडं नेली. बाई बसली, भारा नाळेपाशी ठेवला, भावाचं जॅकेट हसत हसत घातलं. अलीकडं आल्यावर पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली. आप्पांनी नको म्हटलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ती खिशात टाकलीसुद्धा.

परत येताना अंधार झाला. टॉर्च नेला नव्हता, ही चूक लिहून ठेवतो.

27 जानेवारी

हिशेब. लाकूड 10,500, वाक 900, सुतारमामांची नऊ दिवसांची मजुरी 9,900, एपॉक्सी 3,400, खिळे-स्क्रू 2,750, दोरा-काथ्या-राळ-तेल 1,180, डांबर आणि वरचं तेल 2,300, वल्ही दोन जोड्या 4,200, टेम्पो दोन फेऱ्या 2,800, जॅकेटं 4,750, हीट गन 750. एकूण 43,430. पात्याचे पैसे सुतारमामांनी मजुरीत धरले की वेगळे घेतले, यावर आमचं अजून जुळलेलं नाही. माझ्या चुकांचे यातले 8,150: एपॉक्सी, ते काढायची मजुरी, आखूड वल्ही, हीट गन. जमा बाजूला आप्पांचे दहा रुपये.

मागच्या फळीच्या सांध्यातून तासाला दोन तांबे पाणी येतंय. उद्या पहाटे चुना-तेल मळून न्यायचं. आप्पा म्हणालेत पाचला ये, आणि कांदा आण.